पंजाच्या खुर्च्या

सरसाचं भांडं शेगडीवरून उतरवायला सगळ्यांना फडकं लागायचं. माझ्या पोराला, दिगूला, लागायचं नाही. लाकूड चिकटवायचा सरस तापला की तो भांडं सरळ काठाला धरायचा, चार पावलं चालत जाऊन बाकावर ठेवायचा आणि मग हाताकडे बघायचासुद्धा नाही.

त्या दिवशी राजवाड्याचे कारभारी कारखानीस आमच्या कारखान्यात बसले होते. दिगूने त्यांच्यादेखत भांडं उचललं तसे ते उठलेच.

"अरे, हात आहे का चिमटा?"

"जिनगराचा हात आहे," मी म्हणाले. "तुमच्यासारखा टाक धरून मऊ पडलेला नाही. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या भांडी अशीच उतरतात."

खोटं होतं. माझ्या सासऱ्यांना फडकं लागायचं, नवऱ्यालाही लागायचं. दिगूचं हे गेल्या पावसाळ्यापासून सुरू झालं होतं. मला त्याची ऐट वाटायची. येईल त्याला मी ते दाखवायची.

कारखानीस खुर्च्यांसाठी आले होते. राजेसाहेबांच्या आजोबांनी विलायतेहून सहा खुर्च्या आणल्या होत्या. अक्रोडाचं लाकूड, पाठ माणसाच्या पाठीसारखी वळलेली, पुढचे पाय गुडघ्यात वाकलेले. गुडघ्यावर शिंपला कोरलेला, आणि खाली पक्ष्याच्या पंजाने एक गोळा गच्च धरलेला. सोनं फक्त शिंपल्यावर आणि पानांच्या कडांवर, बाकी लाकूड उघडं. आमच्या कवठोलीत त्यांना पंजाच्या खुर्च्या म्हणायचे. संस्थान विलीन झालं, वाड्याची कौलं कुणी फिरवली नाहीत, आणि सहातल्या चार खुर्च्या वाळवीने खाल्ल्या. आता वैशाखात राजेसाहेबांच्या मुलीचं लग्न होतं. व्याही गुजरातेतले संस्थानिक. त्यांच्यासमोर सहा खुर्च्या मांडायच्या होत्या. दोन विलायती, चार नव्या, आणि कुठली कुठली ते ओळखू येता कामा नये, एवढीच अट.

"मुंबईच्या एका मोठ्या दुकानदाराने नाही म्हटलं," कारखानीस म्हणाले. "हे काम विलायतेतच होतं म्हणाला."

"मग विलायतेला जा."

"आक्का, तुमच्या जिभेला काही हाड?"

"असतं तर इतक्या वर्षांत झिजलं असतं. आधी मुंबईच्या पायऱ्या चढलात आणि आमची पायरी शेवटी आठवली. दिगू, दाखव यांना."

दिगूने दोन पाय आणून समोर ठेवले. एक मोडक्या विलायती खुर्चीचा, एक त्याने आठ दिवसांत कोरलेला. कारखानिसांनी चष्मा लावला, काढला, पुसून परत लावला.

"हा विलायती," त्यांनी उजवीकडे बोट केलं.

"तो माझा," दिगू म्हणाला. त्याचा आवाज कधीच मोठा नसायचा.

काम आमच्याकडे आलं. सन त्रेसष्टचा कार्तिक होता तो.

हे काम मला का हवं होतं ते सांगते. नवरा गेला तेव्हा दिगू पंधरा वर्षांचा आणि त्याची बहीण हौसा आठ. दिवस सरले त्याच दुपारी भाऊबंद ओळीने बसले आणि म्हणाले, चंद्राक्का, पटाश्या विकून टाका, शिवणयंत्र घ्या, चोळ्या शिवा. मी म्हटलं, तुमच्या बायकांच्या शिवा. त्या दिवसापासून त्या घरांशी माझं बोलणं नव्हतं. त्यानंतर सात वर्षं मी पोराला बाकावर बसवलं आणि स्वतः पाट्यावर बसले. आमच्यात लाकूड पुरुषांचं आणि माती बायकांची. सोनं लाकडावर बसत नाही. आधी सरसात कालवलेल्या खडूचं अस्तर लागतं, आठ-आठ, दहा-दहा हात. त्यावर गेरूचा हात, त्यावर वर्ख, आणि मग अकीकाच्या दगडाने घोटायचं. खडू आणि गेरू वाटणं माझ्याकडे. कापडावर चाळला तरी एक कण उरू नये इतका बारीक.

वर्ख लावताना कुणी बोलायचं नाही, असा आमच्याकडे नियम. श्वासाने वर्ख उडतो. बोलायचं नसलं तरी सांगायचं पुष्कळ असतं. दार उघडतंय, वारा येईल, थांब. म्हणून माझा वरवंटा चालू असायचा. तो घरघरतोय तोवर दिगूने बिनघोर काम करायचं. मी हात थांबवला की त्याने हात थांबवायचा. नवऱ्याच्या वेळेपासूनची रीत. दिगू पाळण्यात असल्यापासून तो आवाज ऐकत होता.

अस्तर गुळगुळीत झालं का ते डोळ्यांनी बघायचं नसतं. डोळे मिटून बोटाचं टोक फिरवायचं. मार्गशीर्षात पहिल्या नव्या खुर्चीचं अस्तर दिगूने पास केलं आणि मी सहज हात फिरवला, तर खरखर लागली. वाळूवरून हात फिरवावा तशी.

"हे तू बघितलंस?"

"बघितलं की. लोण्यासारखं झालंय."

"तुझं लोणी कुठल्या म्हशीचं आहे?"

तो हसला. मी परत घासायला लावलं. कामाचा कंटाळा आला असेल असं मला वाटलं.

दोन दिवसांनी त्याने मला हाक मारली. विलायती खुर्ची त्याने बाकावर उलटी ठेवली होती. बैठकीची गादी काढलेली. आतल्या पट्टीवर, जिथे बसणाऱ्याची नजर कधी जाणार नाही, तिथे अस्तराचा एक ओघळ वाळलेला होता.

"इथे बघ."

त्या ओघळावर अंगठा उमटला होता. ओलं असताना कुणीतरी पुसायला गेला असेल आणि दुसरं काही आठवून तसाच गेला असेल. रेघ न् रेघ स्पष्ट.

"दोनशे वर्षांपूर्वीचा माणूस आहे हा," दिगू म्हणाला. "कारखानीस म्हणाले, या खुर्च्या तेवढ्या जुन्या आहेत. नाव नाही, गाव नाही. एवढंच मागे राहिलंय त्याचं."

"गबाळा होता. आपल्याकडे असा राहिला असता तर तुझ्या आजोबांनी पाठीत रट्टा घातला असता."

आमच्याकडे हाताची खूण राहू द्यायची नाही, ही सासऱ्यांची शिस्त. काम दिसलं पाहिजे, माणूस नाही.

"आई, तू हात लाव."

मी बोट ठेवलं. रेघा बोटाला लागल्या. नांगरलेल्या रानासारख्या, पण केसाएवढ्या.

"लागतात?"

"लागतात की."

त्याने स्वतःचा अंगठा त्यावर ठेवला, मग शेजारची दोन बोटं. बराच वेळ ठेवली.

"मला लागत नाहीत," तो म्हणाला. "डोळ्यांना दिसतात. बोटाला काही नाही. काच असल्यासारखं."

मग त्याने बाही वर केली. उजव्या मनगटाच्या वर रुपयाएवढा डाग होता, आसपासच्या कातडीपेक्षा फिका. त्याने बाकावरची बारीक पटाशी घेतली आणि टोक त्या डागात रुतवलं. रक्ताचा थेंब आला. तो माझ्याकडे बघत होता. पटाशीकडे नाही.

माझ्या माहेरी थोरले काका होते. त्यांच्या पाठीवर असाच डाग होता, तिथे विडी टेकवली तरी कळायचं नाही. पुढे ते गोठ्यात राहायला गेले. त्यांचं ताट मी न्यायची, उंबऱ्याच्या अलीकडे ठेवायची आणि पळायची. त्यांच्यापायी माझ्या आत्याचं लग्न तीनदा मोडलं.

"पुसून घे ते," मी म्हणाले. "अस्तरावर पडेल."

मी आत गेले आणि तांदूळ निवडायला बसले. दोनदा निवडले. काही वाटत होतं का, तर नाही. तांदळात खडे होते ते दिसत होते, एवढंच.

रात्रीच्या जेवणाला दिगू म्हणाला, "मिरजेला दवाखाना आहे. जाऊन येतो."

"कशाला?"

"आई, महारोग आहे तो. तुला माहीत आहे आणि मलाही माहीत आहे."

हौसा ताकाचं भांडं घेऊन येत होती, ती दारातच थांबली. मी तिला म्हटलं, "उभी काय राहिलीस? ताक वाढ." तिने वाढलं. मग मी दिगूला म्हटलं, "खुर्च्या होऊ देत."

"वैशाखापर्यंत?"

"हिची सुपारी फुटायची आहे. पंजाच्या खुर्च्या अर्ध्यात टाकून तू मिरजेला गेलास की गाव विचारणार, का गेला. तुझे चुलते तर वाटच बघतायत. पाच महिने काही होत नाही. माझे काका चाळीस वर्षं जगले."

"कुठे जगले, आई?"

तो ताटावरून उठला नाही. शेवटचा घास खाऊन, ताटात पाणी घेऊन, रोजच्यासारखा उठला. माझ्या शब्दाबाहेर तो कधी गेला नाही. तसं मीच त्याला घडवलं होतं.

पौषात सर्वेवाला आला. शांतवन आवळे त्याचं नाव. पंचविशीचा, सायकल, खांद्याला पिशवी, बगलेत वही. घरोघर जाऊन सगळ्यांची कातडी तपासायची, कुणाला डाग आहे का, तो बधिर आहे का, हे बघायचं. मी त्याला शेजारच्या कासारांच्या ओट्यावर बघितलं. त्यांच्या घरात अकरा माणसं, म्हणजे माझ्याकडे थोडा वेळ होता.

दिगू तिसऱ्या खुर्चीच्या शिंपल्यावर गेरू चढवत होता. मी गेरूची वाटी घेतली आणि त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत माखायला लागले. नवऱ्या मुलाला हळद लावतात तसे. आधी उजवा, मग डावा. डागावर दोन हात जास्त.

"आई, बघू दे त्याला. एकदाचं कळू दे."

"वैशाखानंतर कळू दे."

"मी सांगीन त्याला."

"सांग," मी म्हणाले. "सांग आणि मग हौसाला पण सांग. आणि त्या अर्ध्या खुर्च्या बैलगाडीत घालून तूच राजवाड्यावर परत नेऊन दे. तुझे चुलते गाडीला हात लावतील."

मी पाट्यावर जाऊन बसले आणि वरवंटा हातात घेतला.

आवळे दारात वाकून आत आला. "नमस्कार, आक्का. सरकारी सर्वे आहे. कातडी बघायची सगळ्यांची."

"आम्ही जिनगर. खोगिरांची कातडी आत टांगली आहेत, ती बघा."

तो हसला. दात पांढरे होते. "ती बघायला दुसरं खातं आहे."

हौसाला आणि मला त्याने उजेडात उभं करून बघितलं. चेहरा, कानाच्या पाळ्या, हात, पाय. कुठे बोट लावायचं तर आधी विचारायचा. मग दिगूकडे वळला.

"हात धुऊन या."

"धुता येणार नाहीत," मी पाट्यावरून म्हणाले. "काम ओलं आहे. हात धुवायला उठला तर शिंपला तडकेल. राजवाड्याचं काम आहे, कारखानिसांना काय सांगू, सर्वे झाला म्हणून?"

आवळे दिगूच्या हाताकडे बघत राहिला. मग पिशवीतून त्याने कापसाची वात काढली, टोक पिळून बारीक केलं.

"असू दे. डोळे मिटा. मी कापूस लावीन. लागला की हो म्हणायचं. नाही लागला तर गप्प बसायचं."

दिगूने डोळे मिटले. मी वाटत होते. वरवंटा पाट्यावर घरघरत होता.

आवळेने डाव्या गालाला कापूस लावला. दिगू म्हणाला, "हो." कपाळाला लावला. "हो." मग उजवा हात पुढे घेतला आणि करंगळीच्या टोकाला कापूस टेकवला.

मी वरवंटा थांबवला.

थोडं थांबून दिगू म्हणाला, "हो."

मी परत वाटायला लागले. आवळेने अंगठ्याला कापूस लावला. मी थांबले. "हो." तळव्याला लावला, थांबले. "हो." मग मनगटाच्या वर. माझा हात थांबला आणि दिगू "हो" म्हणाला. त्याच्या मिटलेल्या डोळ्यांच्या कडेला पाणी होतं. गेरूचा वास नाकात जातो, त्याने येतं तसं.

आवळेने वही उघडून लिहिलं. मला पाणी मागितलं. मी दिलं. तो गडूने वरून पाणी प्यायला आणि गडू उपडा ठेवला. मी त्याला चौकापर्यंत पोचवून आले.

"काय म्हणाला?" दिगूने विचारलं.

"आपल्या आडाचं पाणी गोड आहे म्हणाला."

त्यानंतरचे तीन सोमवार मी दिगूला सकाळीच राजवाड्यावर पाठवलं. खुर्च्यांची उंची परत एकदा मापून ये म्हणून. पहिल्या सोमवारी तो गेला. दुसऱ्या सोमवारी म्हणाला, उंची काय आठवड्याला बदलते? मी म्हटलं, जा. तो गेला.

माघ, फाल्गुन, चैत्र. खुर्च्या झाल्या. अस्तर आता मी बघायची. तो घासायचा आणि मला हाक मारायचा. मी डोळे मिटून बोट फिरवायची आणि सांगायची, इथे, इथे, हे झालं. आम्ही त्याबद्दल कधी बोललो नाही. एका हाताने दोघांनी काम केल्यासारखं चाललं होतं. एकदा पटाशी घसरून तळव्यात गेली आणि त्याला अर्ध्या तासाने कळलं, लाकूड ओलं का झालं ते बघायला वाकला तेव्हा. अक्रोडावर रक्त दिसत नाही. लाकूडच त्या रंगाचं.

चौथी खुर्ची उलटी करून मी शेवटचा हात फिरवत होते, तेव्हा आतल्या पट्टीवर अस्तराचा एक टिळा लागला. त्यावर अंगठा होता.

"हे काय?"

"त्याचा आहे तिथे," दिगूने विलायती खुर्चीकडे मान केली. "माझा असू दे इथे."

मी खरवडायचं पातं उचललं होतं. एका ओढीत निघाला असता. मग पातं ठेवून दिलं. गाडी दारात उभी होती, वेळ नव्हता.

लग्नात सहा खुर्च्या एका रांगेत मांडल्या होत्या. आम्हाला मागच्या दारातून बघायला मिळालं. कारखानीस येऊन माझ्या कानाशी म्हणाले, "आक्का, मलासुद्धा आता सांगता येत नाही." व्याही आमच्या खुर्चीवर बसले होते. भाऊबंदांत बातमी पोचली. दिगूचा सगळ्यात थोरला चुलता स्वतः घरी आला, पायरीवर बसला आणि म्हणाला, "वहिनी, नाव राखलंत." मी त्याला चहा दिला नाही. त्याच महिन्यात हौसा लग्न होऊन इचलकरंजीला गेली.

जेठात दिगूची करंगळी वाकली. मग शेजारचं बोट. सकाळी उठून तो दुसऱ्या हाताने ती सरळ करायचा आणि सोडली की ती परत आत जायची. पक्ष्याच्या पंजासारखी. मृगाला आम्ही मिरजेला गेलो.

डॉक्टरने हात उलटा-सुलटा केला. "गोळ्यांनी रोग थांबेल. पण वाकलं ते सरळ व्हायचं नाही. पौष-माघात आला असतात तर हात वाचला असता. तुमच्या गावात सर्वे झाला नाही?"

"झाला," दिगू म्हणाला.

"मग?"

दिगू माझ्याकडे बघत नव्हता. "त्याला कळलं नाही," तो म्हणाला.

परत येताना गाडीत तो म्हणाला, "तू घरासाठी केलंस, आई. तुझं मला काही नाही. पण शिकलेला माणूस होता तो, त्याचं कामच ते. हात धुवायला लावायला हवे होते त्याने. एवढं त्याला कळायला हवं होतं."

मी म्हटलं, "हो."

तेव्हापासून आजवर त्याचा राग आवळेवर आहे. चाळीस वर्षं झाली. कुणी सरकारी माणूस दारात आला की तो आत निघून जातो. म्हणतो, यांना वही भरायची असते, बाकी काही दिसत नाही. मी ऐकून घेते.

चौकात आवळे काय म्हणाला ते आता सांगते. सायकल हाताने धरून तो उभा राहिला आणि म्हणाला, "आक्का, मनगटावर मी कापूस लावला नव्हता."

मी डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

"हवेत धरला होता. तुमचा हात थांबला आणि तो हो म्हणाला."

"मग लिही की वहीत."

"वहीत मी निरोगी लिहिलंय. नाव फुटलं की घराचं काय होतं ते मला माहीत आहे, माझ्या आईला होता. मी सोमवारी येतो, तिथे लिंबाखाली थांबतो. गोळ्या मी आणीन. कुणाला कळणार नाही, तुमच्या मुलीलाही नाही. त्याला काम सोडायला नको. खुर्च्या होतील आणि हातही राहील. फक्त त्याला तिथवर पाठवा."

काम सोडायला नको, असं तो म्हणाला होता. गाव विचारणार नव्हतं. चुलत्यांना कळणार नव्हतं. ज्या ज्या गोष्टीची मला भीती होती त्यातली एकही होणार नव्हती. मी पोराला एवढंच सांगायचं होतं, लिंबाखाली जा. पण तसं सांगायचं म्हणजे त्या पांढऱ्या दातांच्या पोराने मला पकडलं, हे कबूल करायचं.

मी म्हटलं, "आमच्या घरात तसलं काही नाही. परत या आळीत दिसलास तर कारखानिसांना सांगून तुझी नोकरी घालवीन."

तो तीन सोमवार आला. पाण्याला जाताना मी बघायची. सायकल झाडाला टेकवून, पिशवी पोटाशी धरून उभा असायचा. चौथ्या सोमवारी नव्हता. बदली झाली असं कासार म्हणाले.

दिगूने लग्न केलं नाही. पुढे त्याने हाताला चामड्याचा पट्टा शिवून घेतला, त्यात पटाशी खोवून तो जाड काम करतो. देवांच्या चौकटी, पाट. सोन्याचं काम आमच्या घरात परत झालं नाही. जेवायला तो माझ्यासमोर बसतो आणि चमच्याने जेवतो. माझा शब्द अजून मोडत नाही.

गेल्या दिवाळीला हौसाची मुलगी मला राजवाडा बघायला घेऊन गेली. आता तिथे तिकीट लावतात. दरबारात सहा खुर्च्या दोरीच्या आत मांडल्या आहेत. एक मुलगा काठीने दाखवत होता. "या सहाही खुर्च्या इंग्लंडमध्ये तयार झाल्या. असे कारागीर आता होणे नाही."

नात म्हणाली, "आजी, सांग ना त्याला, मामाच्या आहेत म्हणून."

"राहू दे."

लोक पुढे गेले. मी दोरीखालून वाकून आत गेले. आमची चौथी खुर्ची मला दुरूनच ओळखता आली. खाली बसायला गुडघ्यांनी वेळ घेतला. मी बैठकीखालून हात आत घातला आणि पट्टीवरून बोट पुढे नेत गेले.

"आजी, हात लावायचा नाही तिथे," काठीवाला दारातून म्हणाला.

टिळा लागला. मी डोळे मिटले. त्याच्या अंगठ्याला तेव्हा सगळ्या रेघा होत्या. माझ्या बोटाला एकेक लागत होती, मोजता आल्या असत्या. मी मोजल्या नाहीत.

घरी आल्यावर दिगूने विचारलं, "आहेत का अजून?"

"आहेत," मी म्हणाले, आणि त्याचं ताट वाढलं.